तिलेकची आई

४ जानेवारी २०१३, मॉस्को

ही वही तिलेकने दिली. म्हणाला, आई, गावी परत गेलीस की बायका विचारतील, मॉस्कोत काय काय बघितलंस, आणि तू निम्मं विसरशील नि निम्मं वाढवून सांगशील, तेव्हा रोजचं रोज लिहून ठेव. मी म्हटलं, अरे, चार इयत्ता शिकलेली बाई मी, त्यातही दोन हिवाळे शाळेचं दार बर्फाखाली होतं. तर म्हणतो, दादा सैन्यात होता तेव्हा त्याला पत्रं कोण लिहायचं? मेंढ्या? असा बोलतो. माझ्यावरच गेलाय.

तर लिहायला बसले. सोनुन कामावर गेलीय, तिलेक झोपलाय, खिडकीत बर्फ पडतोय. बर्फ काय, पीठ चाळल्यासारखा. इथली माणसं मफलर नाकापर्यंत गुंडाळून धावत सुटतात. आमच्या डोंगरातल्या आत-बाशी गावच्या मेंढ्या अशा थंडीला उन्हाळा म्हणतील.

काल विमानात बसले, एकोणसत्तराव्या वर्षी. शेजारी एक मुलगा होता, त्याला पोटात कसंसं होत होतं. मी कुरुतची पिशवी काढली, खारवून वाळवलेल्या दह्याचा एक गोळा त्याच्या तोंडात टाकला. मग पुढच्या रांगेतल्या बाईने मागितला, मग मागच्या. मॉस्को येईपर्यंत पिशवी निम्मी झाली आणि विमानात वास आमच्या घरासारखा. मला भीती वाटायची होती ती राहूनच गेली.

बाहेर आले तर तिलेक धावत आला. तीन वर्षांत मिशी आलीय, पण चाल तीच, उजवा पाय थोडा फाकवून. मी त्याला कवेत घेतलं तेव्हा सोनुन चार पावलं मागे उभी होती, हातात माझ्यासाठी शाल धरून. शहाणी सून आहे. आधी त्याला येऊ दिलं.

नात्याचं नीट लिहून ठेवते, कारण विमानातल्या त्या बाईला सांगितलं तर ती गोंधळली. तिलेक माझा धाकटा मुलगा. पोटचा नव्हे. पोटचा मक्सात, आणि सोनुन त्याची बायको. तिलेक त्या दोघांचं पहिलं मूल. आमच्यात पहिलं मूल म्हाताऱ्यांचं. चाळिसाव्या दिवशी त्याला चाळीस तुकड्यांचा सदरा शिवून घातला आणि मी त्याला माझ्या कोटात गुंडाळून माझ्याकडे नेलं. कुणी मागत नाही, कुणी देत नाही, तसंच असतं. तेव्हापासून मी त्याची आई. मक्सातला तो दादा म्हणतो, सोनुनला वहिनी. आणि आमच्यात सून धाकट्या दिराला नावाने हाक मारत नाही, म्हणून सोनुन त्याला 'धाकटे' म्हणते. धाकटे, जेवायला या. धाकटे, मोजे वाळले. ऐकायला किती गोड. पुढे सोनुनला दुसरं मूल झालं नाही. तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

आता खरं लिहिते, वही तर कुणी वाचणार नाही. मक्सात उत्तरेकडे पाइपलाइनवर असतो, दोन महिन्यांतून एकदा येतो. सोनुन सहा वर्षं या शहरात आहे आणि तिलेक तीन वर्षं. म्हणजे तीन वर्षं ती दोघंच, आणि मी डोंगराच्या पलीकडे. माझे डोळे मॉस्को बघायला आले असतील, पण कान दुसऱ्याच कामाला आलेत. तो तिला काय हाक मारतो ते मला ऐकायचंय. काल दिवसभर ऐकलं. वहिनीच म्हणतो. मग मी चहा प्यायले, दोन वाट्या.

५ जानेवारी

खोलीचं लिहायचं राहिलं. घर तीन खोल्यांचं. एकीत सोनुन, एकीत आमच्याच देशातल्या ओश शहरची मिरगुल आणि तिचा नवरा, तिसरीत चार पोरं, ती कधी दिसतच नाहीत, फक्त त्यांचे बूट दिसतात. स्वयंपाकघर सगळ्यांचं. तिलेक असतो वसतिगृहात, पण मी आल्यापासून इथेच जमिनीवर गादी टाकून झोपतो. तो पूल बांधायचं शिकतोय. पूल म्हटलं की लोखंड आलं. हा शब्द मी बावन्न वर्षांत तोंडातून काढलेला नाही, कारण माझ्या मोठ्या दिरांचं नाव त्यावरूनच होतं. घरात 'ती कडक वस्तू' म्हणते. दीर जाऊन पंधरा वर्षं झाली तरी म्हणते. पण लिहू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. लोखंड. झालं, लिहिलं. छत जागच्या जागी आहे.

मिरगुल बडबडी आहे, मला आवडली. आज कणकेचे बोर्सोक तळताना ती म्हणाली, तुमच्या सोनुनचा मुलगा अगदी तिच्यासारखाच हसतो. मी म्हटलं, सोनुनचा नाही, माझा. ती म्हणाली, हो, हो, तेच म्हणते मी, आणि कढईत बघायला लागली. तेल काही जळत नव्हतं.

संध्याकाळी मी दोघांना हसताना नीट पाहिलं. हसतात खरं एकसारखे. पण रक्ताचं येतंच थोडंफार, त्यात काय.

७ जानेवारी

आज इथल्या लोकांचा सण. घंटा वाजत होत्या. मिरगुल मला खाली दुकानात घेऊन गेली, तिथल्या काउंटरवरच्या बाईशी मी रशियन बोलले. माझं रशियन कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामायिक शेतीच्या, गुरांच्या डॉक्टरकडून शिकलेलं. मला आकडे येतात, मेंढ्यांचे रोग येतात आणि शिव्या येतात. तेवढ्यावर अंडी मिळाली.

तिलेकला खोकला झालाय. सकाळी पुस्तक वाचत होता. सोनुन दारात बूट चढवत होती, तिचा डबा ओट्यावरच राहिला. तो मान वर न करता म्हणाला, "आ…", आणि एकदम खोकला. मी चुलीपाशी होते. म्हटलं, काय रे? म्हणाला, काही नाही आई, घशात अडकलं. सोनुनने डबा घेतला, दार ओढलं, गेली. तिचा एक बूट नीट चढलाही नव्हता.

मी त्याला मेंढीची चरबी दुधात घालून पाजली. दिवसभर पुन्हा खोकला नाही. औषध लागू पडलं.

सोनुन हॉटेलांच्या चादरी इस्त्री करते. तिचे हात बघितले, तळवे सुजून चकाकतात. मी म्हटलं, मलम लाव. म्हणाली, लावते, एने. आमच्यात सून सासूला एने म्हणते. तिचं बोलणं एवढंच. वीस वर्षांत तिने मला उलट शब्द दिलेला नाही. गावात मी हे सगळ्यांना सांगते.

११ जानेवारी

आज मी एक गोष्ट केली. नीट केली की नाही कळत नाही.

तिलेकचा एक पेपर झाला, पुढचा सोळाला. उद्या शनिवार, उद्या मला शहर दाखवणार. चौक, नदी, जमिनीखालची गाडी आणि ते मोठं प्रदर्शन, जिथे प्रत्येक प्रजासत्ताकाचा एक महाल आहे. आमचाही आहे. माझ्या नवऱ्याला शहात्तर साली उत्तम मेंढपाळ म्हणून तिथे पाठवलं होतं. परत आला तेव्हा महिनाभर तो महालच सांगत होता. खांब असे, कारंजं तसं. मेंढ्या ऐकून कंटाळल्या. तेव्हापासून माझ्या मनात ते आहे.

तर जेवताना कळलं की सोनुनलाही उद्या सुट्टी आहे. महिन्यातला एकच शनिवार तिला मिळतो, तो उद्याचा. दुपारीच तिने निळा कोट इस्त्री करून दाराला टांगला होता. बूटही पुसले होते. तिलेक म्हणाला, आपण तिघं जाऊ.

आणि मला नको वाटलं. चार दिवसांनी मी परत जाणार, पुन्हा कधी येणार, मला एक दिवस माझ्या मुलाबरोबर एकटीला हवा होता. मी म्हटलं, परत आल्यावर गरम जेवण हवं बाई, दिवसभर थंडीत फिरून आल्यावर थंड चुलीपाशी कोण बसणार. मी घोड्याचं मांस आणलंय ते अजून तसंच आहे. सोनुन, तू राहतेस का घरी? शेवयाही लाटून होतील.

तिलेकने तोंड उघडलं. सोनुन त्याच्याआधी म्हणाली, "राहते, एने." आणि ताटं उचलली.

निळा कोट मघाशी आत ठेवलेला दिसला. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झाला, पण पूर्ण नाही. लहान मुलाकडून खेळणं काढून घेतल्यावर हातात ते खेळणं कसं दिसतं, तसं वाटलं. उद्या बघू. लवकर उठायचंय.

१३ जानेवारी

काल लिहिलं नाही. आज सकाळपासून लिहिते आहे, चहा दोनदा गार झाला. क्रमाने लिहिते, नाहीतर घोटाळा होईल.

सकाळी निघालो. तिलेकने माझा हात धरून मला जमिनीखाली नेलं. जिना आपणहून खाली पळतो. मी पाय टाकला आणि डोळे मिटले, तर तिलेक म्हणतो, आई, डोळे उघड, खालची माणसं तुला हसतायत. खोटं होतं, कुणी बघतही नव्हतं. पण खाली काय सांगू. झुंबरं. संगमरवर. बादशहाने बांधावं असं, आणि माणसं तिथून भाजीच्या पिशव्या घेऊन पळतायत. एका स्टेशनात पुतळ्यांची रांग आहे, त्यातल्या एका शिपायाजवळ कुत्रा, आणि त्या कुत्र्याचं नाक सोन्यासारखं चकाकतं, कारण येणारा जाणारा त्याला हात लावतो. तिलेकनेही लावला. परीक्षेआधी लावायचा असतो म्हणे. मी म्हटलं, आमच्या मेंढरांच्या कुत्र्याला तू रोज नाकाला धरायचास, म्हणूनच गणितात पहिला यायचास. तो हसला. मग म्हणाला, हे वहिनीने शोधून काढलं. मी लक्ष दिलं नाही.

चौकात गेलो. तिथलं ते रंगीत घुमटांचं देऊळ फोटोत पाहिलं होतं, पण फोटोत ते केवढं आहे ते कळत नाही. आमच्या सगळ्या गावाचे कांदे एकत्र केले तरी तसा एक घुमट व्हायचा नाही. तिलेक म्हणाला, इथे डावीकडे उभं राहिलं की सगळे घुमट एकदम दिसतात. मी म्हटलं, तुला कसं माहीत? म्हणाला, आम्ही दोनदा आलोय. नदीवर गेलो, बर्फाचे पापुद्रे वाहत होते, पुलावर तो म्हणाला, इथून वारा येतो, या बाजूने चाल, वहिनीचे कान इथेच गारठले होते. मग एका ठिकाणी चहा प्यायलो, तिथेही तो खिडकीजवळच्या बाकावर सरळ जाऊन बसला, जसं काही ते बाक त्याचं होतं.

मला आता कळतं, पण तेव्हा मी खुशीत होते. फोटो काढवून घेत होते. एका शिपायाबरोबर काढवून घेतला, तो हसतच नव्हता, मी त्याला कुरुत दिला तेव्हा हसला.

दुपारी प्रदर्शनाला पोचलो. आमच्या प्रजासत्ताकाचा महाल मी लांबूनच ओळखला, नवऱ्याने इतकं सांगितलं होतं. खांब होते. दार बंद होतं. मी खांबाला हात लावला, मिनिटभर उभी राहिले, त्याला मनात सांगितलं की आले रे बाबा, बघितलं. कारंजं गोठलेलं होतं. तिलेक म्हणाला, आता तुला घावन खायला घालतो. जवळच एक टपरी होती, एक जाडजूड रशियन बाई गरम घावनं काढत होती. पांढरे केस, लाल गाल. आम्ही पुढे गेलो, तर तिने तिलेकला बघून हात वर केला. ओळखीचं हसली. आणि म्हणाली, "आज आई कुठे आहे तुझी? बरी आहे ना? एक मधाचं, एक मलईचं, नेहमीसारखं?"

आई हा शब्द मला गुरांच्या डॉक्टरने शिकवला नव्हता. तो शिकवावा लागत नाही. तिचं बाकीचं बोलणं इथे लिहिलंय ते नंतर तिलेककडून समजून घेऊन.

मला वाटलं ती मलाच म्हणते आहे. म्हणजे कुणाची तरी चूक होते आहे, सुधारायला हवी. मी छातीवर हात ठेवून माझ्या तसल्या रशियनमध्ये म्हटलं, मी आहे आई. मी. ती मला बघून प्रेमाने हसली. म्हणाली, "तुम्ही आजी. आई मला माहीत आहे, निळ्या कोटवाली. दर महिन्याला येतात दोघं. ती मुलाला मधाचं घेऊन देते आणि स्वतःचं निम्मं पण त्यालाच देते."

तिलेकने दोन घावनं घेतली, दोन्ही हातात धरून उभा राहिला. वाफ येत होती. मी चालत बाकापर्यंत गेले आणि बसले. बाकावरचा बर्फ झाडलाही नाही.

तो शेजारी बसला. समोर मुलं बर्फावर घसरत होती, गाणी लागली होती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन वर्षं. पहिल्या हिवाळ्यापासून."

"घरात पण?"

"नाही. घरात मिरगुलमावशी असते, आपल्याकडची माणसं येतात जातात. तिथे वहिनीच. फक्त बाहेर." मग म्हणाला, "जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे."

मी विचारलं, पहिल्यांदा कुठे. त्याने सांगितलं, त्या कुत्र्याच्या स्टेशनात. गर्दीचा लोंढा आला आणि ती दिसेनाशी झाली. तो वहिनी वहिनी म्हणून ओरडला. तिला ऐकू गेलं नाही. मग तोंडातून दुसरा शब्द निघाला. "स्टेशनात पाचशे बायका असतील," तो म्हणाला. "एकटी तीच वळली."

त्यानंतर दर महिन्याच्या त्या एका शनिवारी ती दोघं शहर बघायला जायची. एक एक जागा. चौक, नदी, चहाचं दुकान, हे प्रदर्शन. शहर बघायचं हे निमित्त होतं. दिवसभर त्याला आई म्हणता यायचं. संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी आलं की बंद.

म्हणजे मी दिवसभर त्यांच्याच वाटेवर चालत होते. मला फार राग आला. मी म्हटलं, मग मला कशाला फिरवलंस या सगळ्या जागांवर? तो म्हणाला, "तिनेच यादी करून दिली. म्हणाली, एनेंनी आयुष्यभर मेंढ्याच बघितल्यात, त्यांना सगळं चांगलं चांगलं दाखवा."

मग मला रागही धरता येईना.

तिथे बसल्या बसल्या मला जे आठवलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते. मला मेंढरांचं सगळं येतं. एका मेंढीचं कोकरू दुसरीला लावायचं असेल तर कोकराच्या अंगाला मीठ चोळायचं, म्हणजे ती चाटते आणि चाटता चाटता आपलं मानते. आणि जिचं आहे तिला लांब बांधायचं, नजरेआड. ती तीन दिवस ओरडते. चौथ्या दिवशी चरायला लागते. तिलेक चाळीस दिवसांचा झाला तेव्हा मे महिना संपत आला होता, मी त्याला घेऊन थेट वरच्या कुरणावर गेले. तिसऱ्या दिवशी सोनुन घोड्यावरून वर आली, एकटी, खालून सहा तासांची वाट. तंबूपाशी उभी राहिली. तिचा झगा छातीपाशी ओला होता. तिने काही मागितलं नाही. मी तिला ताक दिलं आणि म्हटलं, पोर झोपलंय, उठवू नको, उजेड आहे तोवर परत जा. तिलेक झोपला नव्हता. मागे पडद्याआड रडत होता, तिला ऐकू येत होतं, मला ऐकू येत होतं. ती गेली. त्यानंतर ती कधी आली नाही, काही बोलली नाही, म्हणून मी समजले की चौथा दिवस उजाडला. वीस वर्षं मी गावात सांगत आले की माझी सून उलट शब्द देत नाही.

घावनं गार झाली होती. आम्ही ती खाल्ली. तिलेक म्हणाला, आई, तू मला सोडणार नाहीस ना? मी म्हटलं, वेडा आहेस का.

घरी आलो तर सोनुनने शेवया लाटून, मांस शिजवून, पांढरा रुमाल अंथरून ठेवला होता. तिने विचारलं, कसं होतं सगळं, एने? महाल दिसला? मी म्हटलं, छान होतं. तिने तिलेककडे बघितलं, तिलेकने खाली बघितलं, आणि तिला कळलं. वाढताना रस्सा रुमालावर सांडला. मी दोन घास खाल्ले. जेवण फार चांगलं झालं होतं, हे तिला सांगायचं राहिलं.

आज ती कामावर गेली तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं.

१४ जानेवारी

दोन दिवस विचार केला. मेंढ्यांमध्ये एवढा विचार करायला मी कधी बसले नव्हते, चालत असायचे. इथे चालायला जागा नाही, म्हणून खोलीत फेऱ्या मारल्या. मिरगुल म्हणाली, आजीबाई, फरशी झिजेल. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं ना? तिने कणीक मळणं थांबवलं नाही. म्हणाली, "सगळ्यांना माहीत आहे. तिला वाटतं कुणाला नाही. आम्हीपण आमची तोंडं मिटून ठेवतो, तेवढं तिला राहू दे म्हणून."

संध्याकाळी सहाला मी तिलेकला म्हटलं, चल, सोनुनला आणायला जाऊ. आम्ही इस्त्रीखान्याच्या फाटकाशी उभे राहिलो. ती बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली, आम्हाला पाहून घाबरली. तिला वाटलं मक्सातला काही झालं. मी म्हटलं, काही झालं नाही, नदीकडच्या रस्त्याने चालत जाऊ.

चालताना मी सांगून टाकलं. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, सोनुन, त्याला नावाने हाक मार. आणि तो तुला काय म्हणायचं ते म्हणू दे. घरात, दारात, सगळीकडे. मी गावात सांगेन.

मला वाटलं होतं ती रडेल, माझे हात धरेल. ती थांबली. दिव्याखाली तिचा चेहरा मला नीट दिसला.

"आता परवानगी देताय होय, एने," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही नेलंत तेव्हा द्यायचा. तुम्ही दिलात की घ्यायचा. तो काय कोकरू आहे?"

मी कुरणावरचं तिला काही सांगितलं नव्हतं. मीठ, दावं, चौथा दिवस, काही नाही. पण तीही मेंढपाळाचीच मुलगी. तिला तेव्हाच माहीत होतं मी काय करत होते ते.

वीस वर्षांतला तिचा पहिला उलट शब्द. मी म्हटलं, तुझं बरोबर आहे. तिलेक आमच्या दोघींच्या मध्ये, दोन्ही हात खिशात घालून. मग मी म्हटलं, मी पुढे चालते, तुम्ही या मागून. थंडीत मला नाहीतरी ऐकू कमी येतं.

खोटं होतं. माझे कान तुरुतुरु पळणारा उंदीर ऐकतात.

मी चालू लागले. मागे बराच वेळ नुसतीच पावलं. दोन माणसांची, बर्फावर. एक चौक गेला, दुसरा गेला. मला वाटलं नाही म्हणणार, उशीर झाला, वस्तू फार दिवस ठेवली की वापरता येत नाही. मग सोनुनचा आवाज आला, कोरडा, नवीन बूट घालून चालल्यासारखा.

"तिलेक. टोपी खाली ओढ. कान."

"हो, आई," तो म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं नाही. पुढे चालत राहिले. चालताना रस्त्यातली एक कचरापेटी मला दिसली नाही, आपटले. दोघं धावत आली. मी म्हटलं, काही नाही, काही नाही, इथले लोक रस्त्यात काय काय ठेवतात. गुडघा आज निळा पडलाय. सोनुनने मलम लावून दिलं, तिचं स्वतःचं, हाताचं.

१५ जानेवारी, विमानतळावर

विमानाला अजून वेळ आहे. बसायची जागा चांगली आहे, गादीची. मी काचेजवळ बसून लिहिते आहे. ती दोघं काचेपलीकडे राहिली, आता दिसत नाहीत.

कागद बघणाऱ्या पोरीने विचारलं, आजी, बरोबर कोण आलंय? चालायला मदत हवी का? मी मागे बोट दाखवलं. मुलगा म्हणायला तोंड उघडलं. मग म्हटलं, नातू. नातू आणि सून. रशियनमध्ये नातू कसं म्हणतात ते मला येत नव्हतं, काल मिरगुलला विचारून घेतलं होतं. पोरीने नुसती मान हलवली. तिच्यासाठी त्यात काही नव्हतं.

त्याआधी तिलेक माझ्या गळ्यात पडला. मी त्याच्या कानात म्हटलं, आता मला आजी म्हण. तसंच आहे ना खरं. म्हण बघू एकदा, म्हणजे गावी येशील तेव्हा सवय असेल. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तो एवढा मोठा पूल बांधणारा पोरगा, घाम फुटला त्याला. सोनुन बाजूला उभी होती, तिने बघितलं नाही, माझ्या पिशवीचा बंद बांधत बसली, जो आधीच बांधलेला होता.

"नाही येत तोंडात," तो म्हणाला. "आई, नको ना."

मला फार बरं वाटलं. सोनुनच्या देखत मला इतकं बरं वाटलं, याची लाज वाटली. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.